वाचक विचारतात : क्रोएशियन व्याकरणातली ‘सातवी’

प्रश्न : क्रोएशियन भाषेचे पहिले छापील व्याकरण बार्तोल काशिच याने १६०४ साली रोममध्ये प्रसिद्ध केले. त्यात सात विभक्ती आहेत, असे वाचनात आले. त्यांतली सातवी म्हणजे आपली सप्तमीच का? – एक वाचक, वाई

नाही, आणि इथेच संस्कृत-मराठीच्या सवयीने आपली गफलत होते. काशिचची सातवी म्हणजे आपली तृतीया, करणाची विभक्ती. ‘लेखणीने लिहितो’ यातल्या ‘ने’चे काम ती करते.

काशिच हा पाग बेटावरचा जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री. रोममध्ये १५९९ साली जेझुइटांनी ‘इलिरी’ (क्रोएशियनचे तेव्हाचे नाव) भाषा शिकवायला सुरुवात केली आणि त्या शिकवणीसाठी हे पुस्तक लॅटिनमध्ये लिहिले गेले. शिकणाऱ्यांना लॅटिन व्याकरण तोंडपाठ असल्याने त्याने लॅटिनच्याच सहा विभक्तींचा साचा घेतला : प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, संबोधन आणि शेवटी अॅब्लेटिव्ह (‘पासून’ची विभक्ती, साधारण आपली पंचमी). अडचण आली ती या शेवटच्या घरात. लॅटिनमध्ये ‘घरातून’, ‘भाल्याने’ आणि ‘शहरात’ ही तिन्ही कामे बहुतेक वेळा एकटी अॅब्लेटिव्ह निभावते. क्रोएशियनमध्ये ती तीन ठिकाणी वाटलेली आहेत. ‘पासून’साठी ‘ओद’ हे शब्दयोगी नामाच्या आधी येते आणि नाम षष्ठीत जाते, साधनासाठी स्वतंत्र रूप आहे आणि ‘आत, वर’ यांसाठी आणखी वेगळी सोय आहे.

काशिचने ‘ओद + षष्ठी’ अॅब्लेटिव्हच्या घरात बसवली आणि साधनाच्या रूपाला सातवे घर दिले. त्याला नावही ‘सातवी विभक्ती’ एवढेच. ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियन या रोमन शिक्षकाने ‘भाल्याने मारले’ हे उदाहरण घेऊन, इथे अॅब्लेटिव्हचा मूळ स्वभाव दिसत नाही, तर मग लॅटिनलाही सातवी विभक्ती आहे का, असे विचारून ठेवले होते. लॅटिनमध्ये ते अर्थापुरते राहिले, कारण रूप वेगळे नव्हते. क्रोएशियनमध्ये रूपच वेगळे असल्याने काशिचला ते टाळता येईना. साचा उसना होता हे खरे, पण जिथे तो भाषेला अपुरा पडला तिथे त्याने तो वाढवला. याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

प्रश्न : आजच्या क्रोएशियन पाठ्यपुस्तकातही सातच विभक्ती आहेत. मग फरक काय पडला? – एक विद्यार्थिनी, सांगली

आकडा तोच, पण मोजलेल्या विभक्ती वेगळ्या. एक शब्द घेऊन स्वतः करून बघा. ‘झेना’ म्हणजे स्त्री. आजची एकवचनी रूपे अशी : प्रथमा झेना, षष्ठी झेने, चतुर्थी झेनी, द्वितीया झेनू, संबोधन झेनो, सप्तमी झेनी, तृतीया झेनोम. नावे सात, रूपे सहा, कारण चतुर्थी आणि सप्तमी एकच. आता हीच रूपे काशिचच्या साच्यात भरा. पुन्हा नावे सात आणि रूपे सहाच, पण जुळी जोडी बदलली. ‘झेने’ षष्ठीत येते आणि ‘ओद’ लावून अॅब्लेटिव्हमध्येही. सप्तमीला घरच नाही.

चतुर्थी-सप्तमीचे रूप एक असूनही आज दोन घरे ठेवतात, त्याला कारणे आहेत. सप्तमी नेहमी ऊ, ना, ओ, पो, प्री अशा शब्दयोगींबरोबरच येते, चतुर्थी एकटी चालते. ‘ग्राद’ (शहर) सारख्या शब्दात दोन्हींचे लेखन ‘ग्रादू’ असले, तरी काळजीपूर्वक उच्चारात चतुर्थीचा आघात उतरता आणि सप्तमीचा चढता. शिवाय जुन्या भाषेत अनेकवचनी रूपे सरळसरळ वेगळी होती. आपल्याकडे ‘रामाला पाहिले’ आणि ‘रामाला पुस्तक दिले’ यांत एकाच ‘ला’ला द्वितीया आणि चतुर्थी अशी दोन नावे देतात, तो वाद याच जातीचा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ चे, आणि व्येकोस्लाव्ह बाबुकिचचे इलिरी व्याकरणही झाग्रेबला त्याच साली निघाले.

जुनी व्याकरणे ताडून पाहायची असतील तर एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी नाम आणि एक सर्वनाम निवडा. वहीत पाच रकाने आखा : पुस्तकातले विभक्तीचे नाव, सोबतचे शब्दयोगी, एकवचन, अनेकवचन, आजचे नाव. शेवटचा रकाना सगळ्यांत शेवटी भरा. तो आधी भरला की पुस्तकातले नाव बघूनच अंदाज बांधला जातो आणि ‘ओद + षष्ठी’ ही नवी विभक्ती वाटू लागते. दाल्मेशियाकडच्या, म्हणजे क्रोएशियाच्या किनारपट्टीवरच्या, जुन्या छपाईत ‘झ’साठी रोमन एक्स हे अक्षर वापरत. त्यामुळे ‘झेना’ हा शब्द एक्सखाली शोधावा लागतो.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या क्रोएशियन मजकुरात षष्ठीच्या अनेकवचनाला शेवटी ‘ह’ का? तो उच्चारत होते का? – एक वाचक, कऱ्हाड

उच्चारत नव्हते. बाबुकिच, आंतुन माझुरानिच आणि आदोल्फो वेबर या झाग्रेबच्या मंडळींनी तो लेखनापुरता ठेवला. विशेषणांच्या आणि सर्वनामांच्या षष्ठी अनेकवचनात ‘ह’ आहेच, तर नामातही तो असावा आणि विभक्ती डोळ्यांना ओळखू यावी, हा त्यांचा विचार. विरोधकांनी त्यांना ‘आहावत्सी’, म्हणजे ‘आह’वाले, असे नाव पाडले. रियेकाचा फ्रान कुरेलात्स तर षष्ठीला प्रत्ययच नको म्हणत होता.

झाग्रेबचे लोक अनेकवचनात जुनी रूपेही पाळत. ‘येलेन’ (हरीण) घ्या : षष्ठी येलेनाह, चतुर्थी येलेनोम, सप्तमी येलेनिह, तृतीया येलेनी. म्हणजे चार विभक्तींना चार रूपे. वाचताना ‘ओम’कडे लक्ष ठेवा. ‘येलेनोम’ हे तृतीयेचे एकवचनही आहे. तेव्हा ‘हरणाने’ की ‘हरणांना’ हे शेजारच्या विशेषणावरून ठरवायचे. स्त्रीलिंगात मात्र ‘ह’चा हेतूच फसतो, कारण ‘झेनाह’ ही षष्ठी आणि ‘झेनाह’ हीच सप्तमी. वेगळेपणासाठी आणलेल्या खुणेने इथे दोन विभक्ती एक केल्या. माझ्या मते त्यांच्या पद्धतीतली सर्वांत कच्ची जागा हीच. १८९२ चे इव्हान ब्रोझचे शुद्धलेखन आणि १८९९ चे तोमिस्लाव्ह मारेटिचचे व्याकरण यांनी हा ‘ह’ काढून टाकला आणि चतुर्थी, सप्तमी, तृतीया या तिन्हींच्या अनेकवचनाला ‘झेनामा’ हे एकच रूप रूढ झाले. त्यामुळे हाती आलेल्या पुस्तकाचे साल नक्की नसेल, तर आधी अनेकवचनाचा तक्ता उघडा.