बागेत चिखल, मागे ब्लोअर: फोर बाय फोर घ्यावा का?

प्रश्न: काका, दिंडोरी तालुक्यात आमची सव्वाचार एकर शेती आहे. त्यात पावणेदोन एकर द्राक्ष, नऊ बाय पाच फुटांवर लागण, जमीन भारी काळी. बाकी टोमॅटो, गहू, थोडा कांदा. २० ते २५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय. टू व्हील (मागचीच दोन चाकं ओढणारा) आणि फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारा), यांच्या कोटेशनमध्ये ९५ हजारांचा फरक येतोय. वडील म्हणतात, चार एकराला फोर बाय फोर कशाला, ते मोठ्या बागायतदाराचं काम. शोरूमवाला म्हणतो, टू व्हील आता कुणी घेतच नाही. कुणाचं ऐकू? – एक वाचक, ता. दिंडोरी

उत्तर: शोरूमवाल्याचं ऐकू नका. आख्ख्या महाराष्ट्रात टू व्हीलच जास्त चालतात, तुमच्या गावातल्या चार ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांखाली वाकून बघा. वडिलांचं मात्र अर्धं बरोबर आहे. एकर कमी म्हणून खर्च कमी करावा हा त्यांचा हिशोब सरळ आहे, पण ट्रॅक्टरला एकर कळत नाही. त्याला मागे काय लावलंय आणि पायाखाली काय आहे एवढंच कळतं. माझ्याकडे गॅरेजला दहा एकर जिरायतवाला येतो, त्याला मी खुशाल टू व्हील घे म्हणतो. तुम्हाला तसं म्हणणार नाही.

आधी तुमची कामं वेगळी करू. रोटाव्हेटरला ओढ जवळजवळ लागत नाही. त्याची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात, माती मागे फेकतात आणि ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. तिथे एचपी लागते, चाकांची पकड नाही. म्हणून डेमोला रोटर लावून फोर बाय फोर किती छान चालतो हे दाखवलं, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. टू व्हीलही तसाच चालला असता. पेरणी, वखरणी, कोळपणी हलकी कामं, वापशावर, म्हणजे जमीन काम करण्याइतकी सुकली की, कुठलाही ट्रॅक्टर करतो. नांगरट जड, पण चार एकराच्या नांगरटीसाठी छोट्या ट्रॅक्टरला पिळू नका. वर्षातून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगा, पैसे टाका, मोकळे व्हा.

राहिला ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायचा पंख्याचा फवारणी पंप. सगळा प्रश्न तिथे आहे.

सहाशे लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच ६०० किलो. पंप, पंखा, सांगाडा, चाकं धरून मागे आठ-नऊशे किलोचं धूड लागतं. या वर्गातले छोटे ट्रॅक्टर स्वतः साडेसातशे-आठशे किलोचे असतात. म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाचं ओझं ओढतोय, तेही कधी? गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर, पोंगा म्हणजे डोळे फुटण्यापासून ते फुलोऱ्यापर्यंतच्या काळात, रात्री पाऊस पडून गेला की सकाळी. डाऊनी हा बुरशीचा रोग वापशाची वाट बघत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांत काळ्या मातीत ब्लोअर घालावाच लागतो.

टू व्हीलमध्ये वजनाचा साधारण ६५ टक्के भाग मागच्या चाकांवर असतो. आठशे किलोच्या ट्रॅक्टरचे ५२० किलो झाले. ओढायच्या कामाला तेवढेच, बाकीचे २८० किलो पुढची चाकं नुसती वाहून नेतात. आणि पुढची गुळगुळीत रेघांची चाकं चिखलात स्वतःच रुततात, तो भारही मागच्यांनीच ढकलायचा. फोर बाय फोरमध्ये आठशेच्या आठशे किलो ओढीला लागतात, शिवाय पुढच्या चाकांनी दाबून केलेल्या चाकोरीत मागची चाकं येतात, तीही जरा घट्ट झालेली असते. ओळीच्या मध्यावर ट्रॅक्टर अडकला की काय होतं तुम्हाला माहीत आहे: पुढे जाता येत नाही, मागे ब्लोअर वाकडा होतो, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवायचा, साखळी लावायची, तारा आणि खोडं सांभाळत ओढायचं. तोवर दहा वाजलेले असतात आणि औषध टाकीतच.

बाकीच्या कामांसारखा ब्लोअर भाड्याने सांगू, असं वडील म्हणतील. सांगून बघा. पाऊस तुमच्याकडे पडला तसा सगळ्या शिवारात पडलेला असतो, आणि ज्याच्याकडे ब्लोअर आहे तो आधी स्वतःच्या बागेत शिरतो. तुमचा नंबर संध्याकाळी.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर फोर बाय फोर. ९५ हजार दहा वर्षांवर पसरले तर वर्षाला साडेनऊ हजार होतात. पावणेदोन एकर बागेतली एक फवारणी दोन दिवस लांबली तर काय किमतीला पडते, हा हिशोब वडिलांसमोर तुम्हीच मांडा. हीच बाग मुरमाड जमिनीवर असती, पाऊस थांबल्यावर चार तासांत पाय घालण्यासारखी, तर मी टू व्हील, चारशे लिटरचा ब्लोअर आणि मागच्या टायरमध्ये पाणी एवढ्यावर भागवा म्हटलं असतं. टायरमध्ये पाणी भरणं फुकटचं औषध आहे. व्हॉल्व वर आणून ठेवायचा आणि त्या पातळीपर्यंत भरायचं, टायर साधारण पाऊणभर होतो. काठोकाठ भरायचं नाही, हवेला जागा राहिली पाहिजे. चिखलात टाकी अर्धीच भरून दोन फेऱ्या मारणं हाही उपायच आहे, पण लोकांना तो कमीपणाचा वाटतो.

आता सही करण्याआधी एक काम करा. शोरूमच्या आवारातला डेमो नको, गाडी तुमच्या बागेत मागवा. जमलं तर दोन्ही. नाही आणली तर तो माल तिथेच राहू द्या, दुकानं पुष्कळ आहेत. मागच्या टायरच्या बाजूला खडूने एक जाड रेघ मारा. ब्लोअर न लावता त्याच ओळीत गाडी चालवा, चाकाचे दहा फेरे मोजा आणि किती अंतर गेलं ते टेपने मोजा. या टायरला साधारण २९ मीटर भरतील. मग टाकी भरून ब्लोअर लावा आणि पुन्हा दहा फेरे. २५ मीटर भरले तर चार मीटर घसरणीत गेले, म्हणजे जवळपास १४ टक्के. ८ ते १५ टक्के घसरण चालते. २२ मीटरच भरले तर २४ टक्के झाले. तिथे डिझेल जळतंय, टायर झिजतोय आणि मातीला खाली पॉलिश होतंय. शेजारी हसतील, हसू द्या. पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हे केलंत तर उत्तम. उन्हाळ्यात केलंत तर सगळेच ट्रॅक्टर पहिले येतात.

त्याच वेळी वळण बघा. नऊ फुटांच्या ओळीत पानोळा (पानांचा पसारा) आला की मोकळी जागा पाच फूटही राहत नाही, त्यामुळे गाडीची रुंदी चार फुटांच्या आत हवी. ओळीच्या टोकाला तणाव्याच्या तारा असतात. पुढची चाकं ओढणारी गाडी बहुतेक वेळा जरा मोठं वळण घेते, काही कंपन्यांच्या पुढच्या अॅक्सलची रचना वेगळी असते त्या बऱ्या वळतात. कागदावर काय लिहिलंय ते नको, तुमच्या बांधाशी ब्लोअरसकट वळवून बघा. पॉवर स्टिअरिंग असलेलीच घ्या. ओढणारी पुढची चाकं हाताने वळवताना संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात.

कागद बघायचाच असेल तर बुदनीचा बघा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र चाचणी संस्था आहे, तिथे ट्रॅक्टरची तपासणी होते. त्या अहवालात पीटीओची (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याची) खरी ताकद, ओढ, पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन आणि वळायला लागणारी जागा सगळं असतं. बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते, ब्लोअरचा पंखा फिरतो तो पीटीओच्या एचपीवर, आणि ती कमीच भरते. विक्रेत्याकडे अहवाल मागा. त्याच्या चेहऱ्यावरूनही बरंच समजतं.

अनुदानाचं म्हणाल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय गाडी उचलू नका. आधी घेतली आणि मग अर्ज केला, असं चालत नाही. आणि कोटेशन जुनं असेल तर नवं काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, पाच लाखांच्या मूळ किमतीवर ३५ हजारांचा फरक पडतो.

एक गोष्ट मात्र ऐकून ठेवा. फोर बाय फोर आला की माणूस नको तेव्हा शेतात शिरायला लागतो. जाता येतंय ना, मग चला. फवारणी सोडून दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापसा नसताना काळ्या मातीत गाडी घालू नका. चाकं न घसरता गेली तरी वजन खाली जातंच, आणि ओळीतली माती सिमेंटसारखी बसते. पांढरी मुळी तिथे जात नाही, मग तुम्ही दुकानात मुळी वाढवायचं औषध शोधत बसता.

प्रश्न: माझ्या फोर बाय फोरचे पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेत, मागचे अजून बरे आहेत. टायरवाला म्हणतो, पुढे एक माप मोठा टाक, गाडी उचलून चालेल. टाकू का? – एक वाचक, ता. तासगाव

उत्तर: नका टाकू. तुमच्या गाडीत पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली आहेत. कंपनीने टायरचं माप आणि दात असे जुळवलेले असतात की पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतात, साधारण १ ते ५ टक्के. पुढे मोठं माप टाकलंत की हा फरक वाढतो. पुढची चाकं गाडी पुढे खेचणार, मागची तिला अडवणार, आणि ही भांडणं गिअरच्या दातांवर होणार. चिखलात चाक घसरून सुटका होते, डांबरावर होत नाही. पुढे लहान माप टाकलंत तर उलटं, पुढची चाकं ब्रेकसारखी वागतात.

तेच माप, शक्यतो तीच कंपनी, आणि दोन्ही टायर एकदम बदला. एक नवा आणि एक जुना नको.

आता माझा उलट प्रश्न. मागचे बरे असताना पुढचे एवढे लवकर का गेले? मला वाटतं, तुम्ही रस्त्यावर लिव्हर काढत नाही. ट्रॉली घेऊन मार्केटला जाताना फोर बाय फोर लागलेलाच राहतो, आणि पुढचे टायर डांबरावर घासत जातात. बांध ओलांडून रस्त्याला लागलात की गाडी थांबवा आणि लिव्हर बाहेर काढा. लिव्हर अडली, ओढूनही निघत नसेल, तर गिअर ताणात आहेत. गाडी थोडी मागे घ्या, मग सुटते. हातोडी मारू नका. अपवाद एकच, भरलेली ट्रॉली घेऊन तीव्र उतार उतरताना तो लावलेला बरा. ब्रेक मागच्या चाकांना असतात, पण लिव्हर लागलेली असली की पुढची चाकंही गाडी धरतात.

आणि पुढच्या अॅक्सलचं ऑइल वेगळं असतं, ते बघा. इंजिनाचं बदलतात, गिअरबॉक्सचं बदलतात, पुढचं कुणाच्या ध्यानात नसतं. चिखलात काम झालं की चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवा. तेलकट लागलं तर सील गेलंय, आणि तेल बाहेर येतंय तिथून पाणी आत जातंच.

प्रश्न: संगमेश्वर तालुक्यात आमची तीस गुंठे भातशेती आहे, पाच तुकड्यांत, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची. मुंबईला असलेला भाऊ फोर बाय फोर मिनी ट्रॅक्टर घेऊन देतो म्हणतोय. घ्यावा का? – एक वाचक

उत्तर: भावाला नमस्कार सांगा आणि त्या पैशाच्या थोड्या भागात पॉवर टिलर घ्यायला लावा. सहा गुंठ्यांच्या खाचरात ट्रॅक्टर शिरला तर निम्मा वेळ वळण्यातच जाणार, आणि कोपरे शेवटी कुदळीनेच काढावे लागणार. मोठा धोका एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना. ओला बांध चाकाखाली ढासळला की गाडी आडवी होते, चारही चाकं ओढत असली तरी त्याचा तिथे काही उपयोग नाही. टिलर उलटलाच तर माणूस हात सोडून बाजूला होऊ शकतो. चिखलणीसाठी त्याला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावा. आणि घेण्याआधी घरात कोण चालवणार ते ठरवा. पूर्ण वजनाचा टिलर दिवसभर हाताने वळवणं सोपं नाही, वडील साठीच्या पुढचे असतील तर कमी वजनाचा बघा, चिखलणीला एखादी फेरी जास्त मारावी लागेल.