देखरेख कोर्टाची, पाळत घराची

परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लोकांच्या भाषेत ‘बाँडवर’), सुटलेल्या तरुणांचे आईवडील सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: पोराला मोकळे सोडले आणि पुन्हा काही घडले तर कोर्ट त्याला आत टाकेल, मग आम्ही त्याच्यावर नजर ठेवायची नाही तर काय करायचे? एका आईच्या निमित्ताने मी त्याचे उत्तर देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचा 22 वर्षांचा मुलगा मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामात वजनकाट्यावर कामाला होता. मिरवणुकीतल्या मारामारीत त्याने एकाला काठीने मारले होते. गुन्हा शाबीत झाला, पण तो पहिलाच असल्याने आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल अनुकूल आल्याने न्यायालयाने त्याला तुरुंगात न धाडता 2 वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले, देखरेख लावली आणि जखमीला भरपाई देण्यास सांगितले. बंधपत्राची प्रत आईंनी देव्हाऱ्यामागे प्लास्टिकच्या पिशवीत जपली होती. माझ्यासमोर त्यांनी ती उलगडली, तेव्हा घड्या विरून गेल्या होत्या आणि कडांना हळदकुंकू लागलेले होते. त्या म्हणाल्या, “ताई, रोज संध्याकाळी वाचते. पॅरोलवर आहे ना तो, कधीही परत नेतील.”

हा गैरसमज फार घरांत आहे. पॅरोल म्हणजे शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मिळणारी रजा, आणि ती संपली की त्याला तुरुंगात परतावे लागते. हा मुलगा तर तुरुंगात गेलेलाच नव्हता. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 नुसार असे बंधपत्र जास्तीत जास्त 3 वर्षांचे असते. अट मोडली तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते, हे खरे आहे. पण पहिल्याच चुकीला बंधपत्र कायम ठेवून 50 रुपयांपर्यंत दंड करण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. वर्तन चांगले राहिले तर अधिकाऱ्यांच्या अर्जावरून न्यायालय मुदतीआधीही बंधपत्रातून मोकळे करू शकते. शिवाय गरज असेल तेथे योग्य काम मिळवून देण्यासाठी प्रयत्न करणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य म्हणूनच लिहिलेले आहे.

पहिल्या भेटीत मी हे सगळे समजावले आणि काम झाले असे मानले. ती माझी चूक होती. कायदा त्यांना कळला, पण भीती होती तिथेच राहिली. आई गोदामात दिवसातून चार वेळा फोन करीत, रात्री जावई मोबाइल तपासत, मोटारसायकलची किल्ली वडिलांच्या खिशात असे. परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे हजेरीच्या दिवशी वडील बरोबर जात आणि अधिकारी मॅडमनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच देत. मुलगा एकटा भेटला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “मॅडमना महिन्यातून एकदा हिशेब द्यायचा असतो, ताई. घरी रोज द्यावा लागतो.”

सतत फोन आल्याने मालक वैतागला होता. म्हणजे ज्या कामामुळे मुलगा सावरत होता, तेच घरच्यांच्या काळजीने धोक्यात आले होते. मला हेच सर्वांत गंभीर वाटले. देखरेखीत माणसाला स्वतःच्या वागण्याचा जाब स्वतः द्यायला शिकवणे अभिप्रेत असते. पाळतीत तो जाब दुसराच कोणीतरी देत राहतो आणि मुलगा मुकाट बसायला शिकतो.

आईंचे माहेर आटपाडीकडचे. तेथे जवळच स्वतंत्रपूर आहे, 1939 मध्ये औंध संस्थानात पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत, जिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. मी सहज विषय काढला, तर त्या म्हणाल्या, “ती माणसं बाजाराला यायची. आम्हाला कधी भीती नाही वाटली त्यांची.” मग बराच वेळ त्या गप्प होत्या. “माझ्याच लेकराची वाटते,” एवढेच नंतर बोलल्या.

तिथून आम्ही छोट्या गोष्टी ठरवल्या. गोदामात फोन करायचा नाही, जेवायच्या सुट्टीत मुलानेच एकदा करायचा. हजेरीला तो एकटा जाईल आणि आल्यावर काय बोलणे झाले ते स्वतः सांगेल. भरपाईचा हप्ता त्याच्या पगारातून, त्याच्याच हाताने भरला जाईल. अधिकारी घरी आल्या की शेजारी काय म्हणतील, ही धास्ती मात्र लगेच गेली नाही. पहिल्या भेटीला आईंनी दार लावून घेतले होते, तर तिसऱ्या भेटीला चहा ओट्यावर दिला.

हळदीच्या हंगामात एकदा रात्रीपर्यंत गाड्या उतरवायच्या असल्याने त्याची हजेरी चुकणार होती. त्याने आदल्या दिवशीच मॅडमना फोन करून कारण सांगितले आणि दुसरी तारीख मागून घेतली. हे आईंना तो घरी आल्यावर समजले. बंधपत्राचे अजून 7 महिने बाकी आहेत. मोटारसायकलची किल्ली वडिलांनी अजून दिलेली नाही, आणि पुढच्या गुरुवारी मी त्यांना एकट्यांना बोलावले आहे.