ठेव मोडून प्लगिन घ्यावेत का?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून मुंबईत स्वतंत्रपणे साउंड डिझाइनचे काम करतो. मराठी चित्रपट, वेब मालिका आणि जाहिराती यांतून गेल्या वर्षी एकूण ९ लाख ६० हजार रुपये मिळाले. टीडीएसचा परतावा म्हणून ६८ हजार रुपये आले. भाड्यासह घरखर्च महिना ४२ हजार आहे आणि अडीच लाखांची एक मुदत ठेव आहे. एका पौराणिक अ‍ॅनिमेशन मालिकेतील राक्षसांचे आवाज आणि रूपांतराचे ध्वनी करण्याचे काम मिळेल असे निर्मात्याने तोंडी सांगितले आहे (आठ भाग, प्रत्येकी २० हजार). त्यासाठी एका आवाजाचे दुसऱ्यात रूपांतर (मॉर्फ) करणारे एक प्लगिन (ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे साधन), राक्षसी आवाजांसाठी दुसरे आणि इफेक्टचा एक मोठा संच ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये घ्यायचा आहे. सवलतीनंतर तिन्हींचे मिळून एक लाख रुपये होतात. ठेव मोडावी की क्रेडिट कार्डावर हप्ते करून घ्यावेत? माझे सीए अनुमानित पद्धतीने विवरणपत्र भरतात. खर्च दाखवला की तिसरा हिस्सा करातच वाचतो, असे एक मित्र म्हणतो.

उत्तर : ठेव मोडू नये आणि हप्तेही करू नयेत, हे आधीच सांगतो. मात्र प्लगिन घेऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. तिन्हींपैकी एक घेणे बहुधा योग्य ठरेल, पण ते कोणाच्या पैशाने आणि कोणत्या दिवशी घ्यायचे, यावर हा सगळा निर्णय अवलंबून आहे.

प्रथम किंमत नीट मांडू. आपण ज्याला एक लाख म्हणता ती विक्रेत्याच्या पानावरची डॉलरमधली किंमत आहे. परदेशी कंपनीकडून इंटरनेटवरून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर, खरेदीदाराची जीएसटी नोंदणी नसेल तर, १८ टक्के कर विक्रेत्याने आकारून भारत सरकारकडे भरायचा असतो. आपली उलाढाल सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेखाली असल्याने आपली नोंदणी नसणार, आणि त्यामुळे हे १८ हजार आपल्याला कोठूनही परत मिळणार नाहीत. त्यावर बँक परकीय चलनातल्या व्यवहाराचे शुल्क लावते. अनेक कार्डांवर ते साडेतीन टक्के असते आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी लागतो. अशा रीतीने एक लाखाची खरेदी १ लाख २३ हजारांच्या घरात जाते. हीच रक्कम वार्षिक १५ टक्के दराने बारा हप्त्यांत फेडायची ठरवली, तर महिन्याला सुमारे ११ हजार १०० रुपये द्यावे लागतील, आणि व्याज व व्याजावरचा जीएसटी धरून एकूण आकडा १ लाख ३५ हजारांवर पोहोचेल. सेलमध्ये मिळालेल्या सवलतीचा चांगला मोठा भाग येथेच खर्ची पडतो.

आता करबचतीचे. आपल्या मित्राचा हिशेब ज्याचे उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे आणि जो पूर्ण हिशेबवह्या ठेवतो, त्याच्यासाठी कदाचित बरोबर असेल. आपले विवरणपत्र अनुमानित पद्धतीने, म्हणजे जुन्या कायद्यातील कलम ४४एडीए ज्या पद्धतीचे आहे त्या पद्धतीने भरले जाते. तिच्यात मिळालेल्या रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाते आणि उरलेल्या निम्म्यात सगळा व्यावसायिक खर्च आला असे गृहीत धरले जाते. आपण प्लगिनवर एक रुपया खर्च केला काय आणि एक लाख केला काय, ४ लाख ८० हजारांचे करपात्र उत्पन्न तेवढेच राहते. शिवाय २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. ज्याला कर भरावाच लागत नाही, त्याने कर वाचवण्यासाठी खर्च करणे म्हणजे न काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मागण्यासारखे आहे. (पुढे उत्पन्न वाढून आपण हिशेबवह्या ठेवू लागलात, तरी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. सॉफ्टवेअरवर ४० टक्के घसारा मिळतो, परंतु त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्माच मिळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या सेलमधली खरेदी या नियमात नेहमीच सापडते.)

याच संदर्भात सीएंना एक प्रश्न अवश्य विचारावा. अनुमानित पद्धतीच्या सोयीसाठी पात्र असलेल्या चित्रपट कलावंतांच्या यादीत संकलक, संगीत दिग्दर्शक, छायालेखक अशी नावे आहेत, पण ध्वनीचे काम करणाऱ्याचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. आपले काम कोणत्या व्यवसायाखाली दाखवले जाते आणि त्याला आधार काय आहे, हे त्यांच्याकडून लेखी घेऊन ठेवलेले बरे.

ठेवीकडे वळतो. अडीच लाख म्हणजे आपला जवळपास सहा महिन्यांचा घरखर्च. त्यातून १ लाख २३ हजार काढले तर तीन महिन्यांचाच उरतो. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक जो अर्धा-एक टक्का कापते तो किरकोळ आहे. धोका निराळाच आहे. आपल्या क्षेत्रात काम संपल्यावर बिलाचे पैसे साठ ते नव्वद दिवसांनी येतात हे मी माझ्याकडे येणाऱ्या संकलक आणि ध्वनिमुद्रकांच्या बँक खात्यांत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. निर्मात्याने पैसे दोन महिने आणखी लांबवले आणि त्याच काळात घरी एखादे आजारपण आले, तर घरखर्च कार्डावर जातो, आणि कार्डाचे थकलेले बिल महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज खाते. स्वतंत्र व्यावसायिकाची ठेव ही त्याची बचत नसते. पगारदाराला जो पगार ठरल्या तारखेला मिळतो, त्याच्या जागी ती ठेव असते, म्हणून ती यंत्रसामग्रीसाठी वापरायची नसते.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येऊ, कारण तिघांची किंमत एकाच बिलात असली तरी तिघांची गरज सारखी नाही. मी ध्वनीचा जाणकार नाही, तरीही इतके समजून घेतले आहे की साध्या क्रॉसफेडमध्ये एक आवाज मावळतो, दुसरा चढतो आणि मध्यावर दोन्ही एकदम ऐकू येतात, तर मॉर्फिंगमध्ये दोन्ही आवाजांचे क्षणाक्षणाच्या तुकड्यांत, वारंवारितांनुसार पृथक्करण होऊन दोघांच्या मधला असा एक तिसराच आवाज घडवला जातो. माणसाची किंकाळी हत्तीच्या चीत्कारात विरघळत जावी आणि सांधा कोठे आहे ते कळू नये, ही गोष्ट आपल्या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेल्या इफेक्टने साधत नाही. म्हणून झायनाप्टिकचे मॉर्फ किंवा मेल्डाचे एममॉर्फ यांसारखे प्लगिन हे आपल्या यादीतले खरोखरीचे नवे हत्यार आहे. राक्षसी आवाजांच्या प्लगिनने वेळ वाचतो, कारण पिच (स्वराची उंची), फॉर्मंट (आवाजाचा पोत ठरवणाऱ्या वारंवारिता), प्राण्यांच्या आवाजांचे थर हे सारे एका पडद्यावर मिळते, पण तेच काम आपण आजवर हाताने करत आलाच असाल. तिसरा, इफेक्टचा मोठा संच, सर्वांत महाग आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक माल आपल्याकडे दुसऱ्या नावाने असण्याची शक्यता मोठी आहे. अशा संचांची एकूण मूळ किंमत खोडून शेजारी सवलतीची किंमत छापलेली असते, तेव्हा ग्राहक आपल्याला लागणाऱ्या दोन वस्तूंची किंमत पाहत नाही, न लागणाऱ्या अठरा वस्तूंवरची सवलत पाहतो. हा संच मी यादीतून सरळ काढून टाकला असता.

हे तंत्र नवे असल्याने आज घेतले नाही तर मागे पडू, अशी भीती आपल्या मनात असू शकते. पण ज्या फेज व्होकोडरवर (आवाजाचे वारंवारितांनुसार पृथक्करण करून तो पुन्हा घडवण्याच्या पद्धतीवर) यांपैकी बरीच साधने उभी आहेत, त्याचे वर्णन बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये केले होते. ट्रेव्हर विशर्ट या ब्रिटिश संगीतकाराने १९८६ मध्ये पॅरिसच्या इर्कम या संगीत-संशोधन संस्थेत मानवी आवाजाचे मधमाश्यांच्या गुंजनात रूपांतर करून दाखवले. त्याच वर्षी इंग्लंडमधील यॉर्कमध्ये, त्यांच्याही सहभागाने, सुरू झालेला कंपोझर्स डेस्कटॉप प्रोजेक्ट हा ध्वनिरूपांतराच्या साधनांचा प्रचंड संग्रह २०१४ पासून विनामूल्य आणि खुला आहे. तो वापरायला किचकट आहे, निर्मात्यासमोर बसून त्यात झटपट बदल करता येणार नाहीत, हे मान्यच आहे. पण म्हणजेच महाग प्लगिनसाठी आपण जे मोजतो ते वेगाचे आणि सोयीचे पैसे असतात, आणि हातात काम असले तरच वेगाला मोल असते.

प्लगिनला मी मालमत्ता का मानत नाही, तेही सांगतो. चांगला मायक्रोफोन पाच वर्षांनी विकला तर निदान काही किंमत येते. प्लगिनचा परवाना विकता येईल की नाही हे कंपनीच्या अटींवर असते आणि कित्येक परवाने हस्तांतरित करताच येत नाहीत. कायमचा म्हणून घेतलेला परवानाही संगणकाची प्रणाली बदलली की नव्या आवृत्तीचे पैसे मागू शकतो. मार्च २०२३ मध्ये प्लगिन बनवणाऱ्या वेव्हज कंपनीने कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून फक्त वर्गणी ठेवण्याचे जाहीर केले होते. ग्राहकांच्या संतापामुळे काही दिवसांतच तिला माघार घ्यावी लागली, पण हा धंदा कोणत्या दिशेला झुकतो आहे ते त्यावरून दिसले. त्यामुळे प्लगिन हा ज्या कामासाठी घेतला त्या कामाचा खर्च समजावा, आणि तो त्याच कामाने भरून द्यावा.

यावरून करायचे काय, तर निर्मात्याकडून वर्क ऑर्डर आणि ३० टक्के आगाऊ रक्कम मागावी. एकूण १ लाख ६० हजारांवर ती ४८ हजार होते, आणि टीडीएस कापूनही ४३ हजारांच्या वर हाती येते. ती खात्यात आल्यावर मॉर्फिंगचे एकच प्लगिन घ्यावे. त्याआधी चाचणी आवृत्ती उतरवून, मालिकेतल्या एखाद्या प्रसंगासाठी स्वतः मुद्रित केलेल्या आवाजांवर ती चालवून पाहावी. मूळ ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर असेल तर कितीही महाग प्लगिन ती घरघरच दुसऱ्या आवाजात पसरवतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. राक्षसी आवाजांच्या साधनाला मासिक वर्गणीचा पर्याय असेल, तर मालिकेचे काम चालू असेल तेवढेच महिने तो घ्यावा. काही विक्रेत्यांकडे भाड्याचे हप्ते भरत शेवटी मालकी मिळवण्याची आणि मध्येच हप्ते थांबवण्याचीही सोय असते. अनियमित उत्पन्नाला ती बँकेच्या हप्त्यांपेक्षा अधिक मानवते, कारण बँकेचा हप्ता काम नसलेल्या महिन्यातही चुकत नाही.

दुसरा स्रोत आपल्याच पत्रात आहे, तो म्हणजे परताव्याचे ६८ हजार. ही रक्कम वर्षभर आपलीच होती, ती फक्त सरकारकडे अडकून होती. दर वर्षी परतावा आला की त्यातला अर्धा भाग साधनांच्या वेगळ्या खात्यात टाकावा आणि त्या खात्यात जेवढे असेल तेवढ्यातच प्लगिन, रेकॉर्डर, स्टुडिओच्या भिंतींचे काम वगैरे करावे. उरलेला अर्धा भाग ठेवीत घालावा. आपला कर शून्यच येणार असेल, तर कमी दराने किंवा शून्य दराने टीडीएस कापण्याचे प्रमाणपत्र प्राप्तिकर विभागाकडून मिळवता येईल का, हेही सीएंना विचारावे. ते मिळाले तर प्रत्येक बिलाची पूर्ण रक्कम वेळच्या वेळी हाती येईल.

राहता राहिला सेलच्या तारखेचा प्रश्न. वर्क ऑर्डर आणि आगाऊ रक्कम त्याआधी आली तर सवलतीत घ्यावे. न आल्यास सेल जाऊ द्यावा आणि निर्मात्याशी बोलताना सेल हुकल्याने वाढलेला प्लगिनचा खर्च प्रत्येक भागाच्या दरात धरावा. ३० हजारांच्या वस्तूवर सेलमध्ये १० हजार वाचणार असतील, तर आठ भागांवर ते प्रत्येकी १ हजार २५० रुपये होतात. वीस हजारांऐवजी २१ हजार २५० मागितल्याने काम हातचे जाणार असेल, तर ते काम मुळातच पक्के नव्हते.