नागपूरचा कूलर ठाण्याला न्यावा, की एसी घ्यावा?

आपण विचारले आहे की, नागपूर सोडून ठाण्यात अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या, मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना घरचा कूलर सोबत न्यावा, की दहा बाय अकराच्या बेडरूमसाठी विंडो किंवा स्प्लिट एसी घ्यावा. मी दोन्ही शहरांत उन्हाळे काढले आहेत. कूलर नेऊ नका.

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका त्याचा गारवा अधिक. मे महिन्यात नागपुरात पारा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा हवा इतकी शुष्क असते की ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारा झोत दहा-बारा अंशांनी सहज उतरतो. ठाण्यात त्याच दिवसांत 34-35 अंश असतात, पण खाडीकाठची दमट हवा आणखी बाष्प फारसे घेऊच शकत नाही. कूलर लावला तर खोली गार होण्याऐवजी चादरी ओलसर लागू लागतात. नागपुरात जुलैमध्ये हेच होते, हे आपण अनुभवले असेलच.

एसी थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी करून ते बाहेर सोडतो आणि ठाण्यात खरी गरज त्याचीच आहे. म्हणून 1 टनाचा इन्व्हर्टर एसी घ्यावा, कारण त्याचा कॉम्प्रेसर मंद गतीने चालत राहतो आणि ओल सतत काढत राहतो. दुकानदार दीड टन सुचवतील; पण गरजेपेक्षा मोठा, साधा एसी खोली झटपट गार करून बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो.

राहिला प्रश्न विंडो की स्प्लिट. स्प्लिट शांत असतो, हे खरे; पण त्यासाठी भिंतीला भोक पाडायला घरमालकाची आणि आउटडोअर युनिट टांगायला सोसायटीची परवानगी लागते, शिवाय घर बदलताना गॅस उतरवून पुन्हा पाइप जोडण्याचा खर्च येतो. इन्व्हर्टर विंडो एसीही मिळतात, आणि आपल्या करारासाठी मी तोच निवडेन. मात्र आधी खिडकी पाहा: सरकत्या काचांच्या खिडकीत तो बसत नसेल, तर स्प्लिटला पर्याय नाही.

स्टारच्या लेबलवरील वार्षिक युनिट 1600 तासांच्या वापराचे असतात. आपण वर्षातून 150 रात्री आठ-आठ तास एसी लावला, तर 1200 तास होतात. म्हणजे त्या आकड्याचा साधारण पाऊण भाग धरून दोन मॉडेलांच्या बिलांतील फरक काढावा.