चेहरा हसतो, जबडा आवळतो

प्रश्न : ग्राहक तक्रार विभागात फोनवर काम करते. लोक दिवसभर ओरडतात आणि मी गोड आवाजात ‘समजू शकते’ म्हणत राहते. संध्याकाळी कानशिलं ठणकतात, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, घरी मुलांवर उगाच खेकसते. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. राग गिळल्यामुळे हे होत असेल का?

उत्तर : होऊ शकतं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. पगारासाठी भावना आवरण्याच्या या कामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३मध्ये ‘भावनिक श्रम’ म्हटलं. तुम्ही दिवसभर तेच करता आणि थकता, यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत लोकांना किळसवाणी चित्रफीत दाखवून चेहरा कोरा ठेवायला सांगितलं होतं. चेहरे शांत राहिले, पण तळहातांचा घाम वाढला, बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या. आतली किळस मात्र तसूभरही कमी झाली नाही. भावना दाबताना ऐकलेलं नीट लक्षात राहत नाही, हेही पुढे दिसलं. कॉल संपताच ग्राहकाचं म्हणणं डोक्यातून निसटत असेल, तर स्वतःला वेंधळं समजू नका.

आता दोन बोटं कानशिलांवर ठेवून दात आवळा. बोटांखाली स्नायू फुगतो ना? तो जबड्याचाच स्नायू. हेडसेट लावून तासन्‌तास दात आवळले, की ठणका तिथेच लागतो. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘दात सुटे’ अशी चिठ्ठी चिकटवा. सकाळचं दुखणं बहुधा झोपेत दात खाण्याचं असतं, ते दंतवैद्यांना दाखवा.

अवघड कॉलनंतर दोन मिनिटं असा श्वास घ्या : चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. छाती फुगवून खोल घ्याल तर चक्कर येईल. श्वास हलका, फक्त संथ हवा. मग जे वाटलं त्याला नेमका शब्द द्या : राग, अपमान, की हतबलता? ‘टेन्शन आलं’ एवढ्याने भागत नाही.

पण खरा फरक पडतो तो भावना उसळण्याआधी. कॉल उचलतानाच ‘हा अडकलेल्या ऑर्डरवर चिडलाय, माझ्यावर नाही’ हे मनाशी धरलं, तर दाबायला फारसं काही उरत नाही. मात्र शिवीगाळीला हा उपाय लावू नका. तिथे समजूत स्वतःची घालायची नसते, कॉल थांबवायचा असतो. तारीख, वेळ, वापरलेले शब्द आठवडाभर टिपून ठेवा आणि सुपरवायझरकडे नेमकं मागा : एका इशाऱ्यानंतर कॉल बंद करण्याची परवानगी आणि अशा कॉलनंतर पाच मिनिटांची सुट्टी.

प्रश्न : मग मनातलं ओरडून मोकळं का होऊ नये? उशीवर ठोसे मारले तर?

उत्तर : नको. ज्याने राग आणला त्याचा विचार करत ठोसे मारले, की राग उलट चढतो, हे प्रयोगांत दिसलंय. त्यापेक्षा लिहा. तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, व्याकरण न पाहता : काय घडलं, काय वाटलं, ते एवढं का लागलं. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होतं, म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका. दर वेळी अस्वस्थता वाढतच गेली, तर थांबा. घरी पोचल्यावर, कुणाशी बोलण्याआधी, दहा मिनिटं चाला. मुलांवर निघणारा राग बहुतेकदा या न मिळालेल्या दहा मिनिटांचा असतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशातच रस वाटेना किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिसऱ्या बाबतीत दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा. छातीत दुखलं तर ‘ताण असेल’ म्हणून घरी बसू नका, तडक इस्पितळ गाठा.