भारतात छत्रीधारी (पॅराशूटने उतरणाऱ्या) सैनिकांसाठी राष्ट्रीय दिवस असावा का? असल्यास कोणता?

असावा, आणि तो ११ डिसेंबर हाच असावा. अमेरिकेत असा दिवस आहे. तेथे १६ ऑगस्ट १९४० रोजी फोर्ट बेनिंगला सैन्याच्या चाचणी तुकडीने पहिली उडी घेतली, म्हणून २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी तो दिवस छत्रीधारी सैनिकांचा म्हणून जाहीर केला. आपणही पहिल्या उडीचाच हिशेब धरला, तर १५ ऑक्टोबर १९४१ ही तारीख निघते. पण ती ब्रिटिश अमदानीतली सरावाची उडी होती. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलजवळ २ पॅराची (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी) अख्खी पलटण शत्रूच्या पिछाडीला उतरली, ती युद्धातली उडी होती.

माझे वडील त्या उडीत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. आमच्या गावात तिला ‘छत्रीवाली पलटण’ म्हणत. मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट लोहाजंग नदीवरच्या पुंगली पुलावर अडवायची, हे काम लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या या पलटणीकडे होते. तात्या सांगत ते मात्र लढाईचे फार कमी असे. दिवस मावळतीला आलेला, खाली भातखाचरे आणि तळी, आणि छत्री आवरून उभे राहीपर्यंत भोवती जमलेले बंगाली शेतकरी, ज्यांनी न सांगता दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेतल्या, एवढेच ते पुन्हापुन्हा सांगत. त्या रात्री पुलावर काय झाले ते विचारले, की ते उठून गोठ्याकडे जात. वृत्तपत्रांनी त्या उडीचे म्हणून जे छायाचित्र छापले, ते प्रत्यक्षात आधीच्या वर्षीच्या आग्र्याच्या सरावातले होते. गावातले लोक त्यात बोट ठेवून ‘हे तुम्हीच ना’ असे विचारीत, आणि तात्या दर वेळी ‘नाही’ म्हणत. बैलगाडीवरून उतरतानाही ते दोन्ही पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून उतरत; आग्र्याला शिकलेली ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

ते गेल्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी त्यांची मरून टोपी आणि छातीवरचे पंख घेऊन आमच्या जुन्या शाळेत गेलो. ११ तारखेच्या परिपाठात, दिनविशेष वाचतात तेव्हा, पाच मिनिटे मिळावीत इतकीच विनंती होती. मुख्याध्यापकांनी परिपत्रकांची फाईल चाळली आणि सांगितले, की या तारखेला काही नाही, १६ डिसेंबरला विजय दिवस आहे, तेव्हा पाहू. सोळा तारखेला स्नेहसंमेलनाची तालीम होती. ज्या शाळेत ते सातवीपर्यंत शिकले, तेथे त्यांच्या पलटणीचे नाव त्या वर्षीही उच्चारले गेले नाही. त्या गृहस्थांना मी वाईट म्हणत नाही. परंतु जी तारीख कागदावर नसते ती आपल्याकडे अस्तित्वातच नसते, हे मला त्या दिवशी कळले. राष्ट्रीय दिवस हवा तो यासाठी.

याला सर्वांत जुना विरोध माझ्या घरातूनच आहे. माझे मामा १ मराठामध्ये, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, होते. जमालपूरच्या लढाईनंतर हीच पलटण खाली सरकत आली आणि १२ तारखेला तिची पुलाजवळ २ पॅराशी भेट झाली. मामेभाऊ गेली वीस वर्षे मला ऐकवतो, की तुमचे आभाळातून आले, आमचे लढत चालत आले, पूल दोघांनी राखला. मग दिवस एकट्या छत्रीवाल्यांचा का? मी त्याला दर वेळी सांगतो आणि येथेही सांगतो: सैन्यात भरती होणारा एकदा पुढे येतो, छत्रीधारी दुसऱ्यांदा पुढे येतो. तेथे कोणी हुकमाने पाठवत नाही. परिवीक्षेत, म्हणजे निवडीच्या चाचणी काळात, टिकायचे, मग आग्र्याला पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची, आणि यातल्या कोणत्याही टप्प्यावर ‘मला परत पाठवा’ म्हणायची मोकळीक असताना ते शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्या दुसऱ्या होकाराचा सन्मान वेगळा व्हायलाच हवा. शिवाय पायदळाला २७ ऑक्टोबर आहेच, आणि तोही १९४७ मध्ये १ शीख पलटण विमानाने श्रीनगरला उतरली म्हणून आहे. त्या दिवसाने छत्रीधाऱ्यांचा अपमान झाला असे तात्या कधी म्हणाले नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. ११ डिसेंबर म्हटले, की सारा मान एका पलटणीकडे जातो, आणि हे इतरांना खटकू शकते. १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ५० पॅरा ब्रिगेड जपान्यांशी जमिनीवर लढली. ब्रिगेडियर उस्मान याच ब्रिगेडचे नेतृत्व करताना १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धात झांगरला पडले. आणि लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स या वैद्यकीय तुकडीतले लोक मार्च १९५१ मध्ये कोरियात अमेरिकन सैनिकांबरोबर उतरले ते जखमींवर उपचार करण्यासाठी. दिवस ठरला, तर ही नावेही त्याच दिवशी घेतली जावीत.

तुम्ही निवेदन देणार असाल, तर ते केवळ संरक्षण मंत्रालयाकडे पाठवू नका, शालेय शिक्षण विभागालाही प्रत द्या. माझी सही धरून चाला. टोपी आणि पंख माझ्याकडे आहेत, आणि शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.