बालगृहातून बाहेर पडलेला 19 वर्षांचा मुलगा दादर स्टेशनबाहेर झोपतो. त्याच्याकडे आधार कार्डही नाही. त्याला रात्रीचा निवारा कुठे मिळेल?

आज रात्रीपुरतं हवं असेल तर महापालिकेची बेघर निवारा केंद्रं आहेत. 1916 वर फोन करून जवळचं केंद्र विचारा, किंवा दिवसा वॉर्ड ऑफिसमध्ये जा. दादर पश्चिमेला जी-उत्तर वॉर्ड लागतो. आधार नाही म्हणून दारातून परत पाठवू लागले तर तिथून हलू नका. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याचसाठी ती जागा आहे.

मी काही वर्षं अशाच एका केंद्रात रात्रपाळीला होतो. या वयाची मुलं येतात, दोन-चार रात्री राहतात आणि पुन्हा फलाटावर जातात. लोकांना वाटतं, यांना मोकळं फिरायची सवय लागलीय. तसं नसतं. पोरगा कॅटरिंगला जातो, लग्नाची पंगत आवरून रात्री दीडला येतो, तेव्हा केंद्राचं दार लागलेलं असतं. किंवा दार उघडतं, पण आत सगळे पन्नाशीपुढचे, त्यात कुणी दारू पिऊन आलेला, आणि मोबाइल ठेवायला कुलुपाची पेटी नाही. त्या वयात मोबाइल म्हणजे उद्याचं काम. ठेकेदाराचा फोन त्याच्यावरच येतो. म्हणून जायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या: रात्री उशिरा आत घेतात का, आणि सामान ठेवायला कुलूप आहे का. पहिल्या रात्री शक्य झालं तर तुम्ही स्वतः त्याच्यासोबत जा. काळजीवाहकाशी ओळख करून दिलेला मुलगा टिकतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

जागा कमी आहेत, हेही खरं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ठरलेलं प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे एक केंद्र असं आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाखांची होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास केंद्रं हवीत. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही नाहीत, आणि खास तरुणांसाठी म्हणाल तर शोधत फिरावं लागतं. याचा मला मनापासून राग येतो.

पण तुमच्या या मुलाला आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते तीच खरी. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे 18 पूर्ण करून संस्थेबाहेर पडलेल्यांना 21 वर्षांपर्यंत मदत मिळायला हवी. अपवाद म्हणून 23 पर्यंतही. आपल्याकडे त्यासाठी अनुरक्षण गृहं आहेत, आणि मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेतून महिना 4,000 रुपयांची तरतूद आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा. वाढदिवस झाला की पिशवी हातात देतात, पण हे नीट समजावून सांगत नाहीत. मी भेटलेल्या बहुतेक मुलांनी अनुरक्षण गृह हा शब्दच ऐकला नव्हता. त्याचं वय 19 आहे, म्हणजे अजून वेळ आहे. पण हा वेळ रोज कमी होतोय.

आधारचं म्हणाल तर बालगृहात असताना काढलं असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून नवीन नोंदणीच्या मागे लागण्याआधी आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक शोधून घ्या. कधीच काढलं नसेल, तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र नोंदणीला चालतं. त्यासाठी तरी तो केंद्रात काही दिवस टिकायला हवा.

तोवर स्टेशनजवळ त्याला जपायला सांगा. भिक्षा प्रतिबंधक कायदा, 1959 महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि नुसत्या झोपलेल्या माणसालाही त्यात उचललं जाऊ शकतं. कामाचा काही पुरावा, निदान ठेकेदाराचा नंबर, खिशात कागदावर लिहून ठेवू दे.

अशीच एखादी मुलगी दिसली तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. सखी वन स्टॉप सेंटर या महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं आणि पुढची सोय तिथूनच लावतात.

त्याचं बालगृह कोणत्या जिल्ह्यातलं होतं ते कळवा, म्हणजे कागद कुठून मागवायचे ते सांगता येईल. त्याचं नाव किंवा फोटो मात्र इथे टाकू नका.